रेल्वेच्या जुन्या डब्याचे घर : मराठवाड्याच्या हवेत टिकणारे साहित्य कसे निवडावे

डबा पाहायला जाताना मोजपट्टी विसरली तरी एक वेळ चालेल, पण हातोडी विसरू नये. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आज जो डबा घर म्हणून उभा आहे, तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचा बाहेरचा रंग शाबूत होता, खिडक्यांची झडपे सरकत होती आणि बाकांवरचे रेक्झिनही फारसे फाटलेले नव्हते. मात्र शौचालयाखालच्या पत्र्यावर हातोडीचा हलका ठोका दिला, तेव्हा खणखणीत आवाज येण्याऐवजी ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला आणि दुसऱ्या ठोक्याला हातोडीचे टोक आरपार गेले. त्या भोकातून तपकिरी पापुद्रे बराच वेळ गळत राहिले. साहित्य कितीही महाग असो, पाणी जिथे अडते आणि हात जिथे पोहोचत नाही तिथे ते लवकर संपते, हे मी त्या दिवशी शिकलो. या लेखातली प्रत्येक निवड याच कसोटीवर केली आहे.

पहिला टप्पा : डबा ओळखणे आणि ठोकून पाहणे

बोलीभाषेत आपण डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेच्या कारखान्यात मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. खरेदीच्या कागदपत्रांत हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण डबा बोगीसह मिळणार आहे की बोगीविना, यावर वजन आणि वाहतूक दोन्ही अवलंबून असते. बाद डब्यांची विक्री रेल्वेच्या ‘आयआरईपीएस’ या संकेतस्थळावरील ई-लिलावातून होते. डबा अखंड उचलता येईल की तोडूनच न्यावा लागेल, हे लॉटच्या अटींमध्ये वाचल्याशिवाय बोली लावू नये.

आज बाद होणारे बहुतेक डबे आयसीएफ पद्धतीचे आहेत. चेन्नईतल्या पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ मध्ये सुरू झाली आणि तिथे या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन जानेवारी २०१८ मध्ये थांबले. अशा डब्याचे आयुष्य रेल्वे साधारण २५ वर्षे धरते. त्याचे धड २१.३३७ मीटर लांब आणि ३.२४५ मीटर रुंद असते. बाजूचा पत्रा २ मिलिमीटरचा, तर छताचा १.६ मिलिमीटरचा. हा पत्रा साध्या लोखंडाचा नसून तांबे, क्रोमियम आणि फॉस्फरस यांचा अंश असलेल्या कॉर्टेन पोलादाचा असतो. कॉर्टेनवर ओले-कोरडे होता होता एक घट्ट थर बसतो आणि तोच पुढचा गंज रोखतो. परंतु हे तेव्हाच घडते, जेव्हा पत्रा पावसानंतर पूर्ण वाळतो. जिथे ओल कायम राहते तिथे कॉर्टेनही साध्या पत्र्यासारखेच खाल्ले जाते.

म्हणून ठोकून पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. दोन्ही टोकांच्या शौचालयांखालचा भाग, दारांचे उंबरे, खिडक्यांच्या खालच्या कप्प्यांतले कोपरे, बाजूची भिंत खाली आत वळते तो पट्टा, आणि तळाचा पन्हळी पत्रा. बाजूच्या भिंती चांगल्या असतील आणि केवळ शौचालयांचा भाग गेला असेल, तर डबा घेण्यास हरकत नाही, कारण तो भाग आपण तसाही कापणारच असतो. मात्र बाजूच्या लांब मुख्य तुळया, ज्यांना सोल बार म्हणतात, त्या जागोजागी पापुद्रे सोडत असतील, तर किंमत कितीही कमी असली तरी तो डबा सोडून द्यावा.

नव्या एलएचबी, म्हणजे मूळ जर्मन बनावटीच्या, पद्धतीच्या डब्याची भिंत स्टेनलेस पोलादाची असते. असा डबा मिळाला तर गंजाची चिंता बरीच कमी होते. परंतु त्याची लांबी साडेतेवीस मीटरच्या पुढे जाते आणि त्याच्या दुरुस्तीला स्टेनलेसचे वेल्डिंग नीट जाणणारा कारागीर लागतो. तो तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. साहित्य निवडताना ते दुरुस्त करणारा माणूस किती अंतरावर आहे, हेही मोजले पाहिजे.

दुसरा टप्पा : वाहतूक आणि काळ्या जमिनीतला पाया

बोगी काढलेल्या डब्याचे वजन २५ टनांच्या आसपास भरते. तो रस्त्याने नेण्यासाठी लो-बेड ट्रेलर, दोन क्रेन आणि नेहमीपेक्षा मोठ्या मालाच्या वाहतुकीची परवानगी लागते. शेतातल्या वाटेवरची वळणे आणि विजेच्या तारांची उंची आधी स्वतः पायी फिरून मोजावी. जमीन अकृषिक आहे का आणि ग्रामपंचायतीची परवानगी कोणती लागते, हेही डबा निघण्यापूर्वी मिटवावे. उभा केलेला डबा पुन्हा हलवणे कोणालाच परवडत नाही.

आता पाया. आपल्याकडची काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तळहात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर सरळ चौथरा बांधून डबा ठेवला, तर दोन वर्षांत दारे अडकू लागतात आणि खिडक्यांच्या चौकटी तिरप्या होतात. इथे डब्याची मूळ रचनाच आपल्या मदतीला येते. आयसीएफ डब्याचे धड दोन बोगींवर टेकलेले असते आणि त्या दोन टेकूंमधले अंतर १४.७८३ मीटर असते. म्हणजे मधला सगळा भाग अधांतरी राहून प्रवाशांसह धावेल, अशीच त्याची घडण केलेली आहे. त्यामुळे दहा-बारा उथळ खांब उभारण्यापेक्षा याच दोन जागी, प्रत्येकी दोन, असे चार भक्कम खांब काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेणे अधिक शहाणपणाचे आहे. रेल्वेत जिथे भार बोगीवर उतरत असे, त्या दोन बाजूंच्या टेकूंमधले आडवे अंतर १,६०० मिलिमीटर असते. खांब त्याच रेषेत घ्यावेत.

आमच्याकडे मुरूम सहा फुटांवर लागला. प्रत्येक खांबाखाली १.२ मीटर चौरस सिमेंट-काँक्रीटची बैठक घेतली. डबा आणि आतले सामान मिळून ३५ टन धरले, तर एका खांबावर सुमारे ९ टन भार येतो. मुरूम फार खोल असेल तिथे तळाशी फुगवटा असलेले, म्हणजे अंडर-रीम्ड, पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्यावे लागतात, आणि तो हिशेब स्थापत्य अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

खांबाच्या माथ्यावर पोलादी पट्टी आणि तिच्यावर निओप्रीन रबराची जाड गादी ठेवावी. डब्याचे एक टोक बोल्टने पक्के आवळावे आणि दुसऱ्या टोकाला बोल्टसाठी लांबट भोक ठेवावे. हिवाळ्याची पहाट आणि उन्हाळ्याची दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर एवढ्या लांबीचे पोलाद सुमारे १३ मिलिमीटर लांबते. त्याला सरकायला जागा दिली नाही, तर ते खांब फोडते किंवा स्वतः फुगते. परंतु सरकण्याची मुभा म्हणजे मोकळीक नव्हे. दोन्ही टोकांना डबा वर उचलला जाणार नाही, असे नांगर-बोल्ट हवेतच. किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेल्या भागात हे वेगळे सांगायला नको. त्या पहाटे माळवदाची जड छते आणि दगडी भिंती अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. हलका पोलादी डबा त्या बाबतीत कितीतरी सुरक्षित आहे, पण तो खांबांवरून घसरता कामा नये.

डब्याचा तळ जमिनीपासून किमान ९० सेंटिमीटर उंच ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पायऱ्या दोन जास्त लागतील. परंतु हातोडी आणि ब्रश घेऊन माणूस खाली शिरू शकेल, वारा खेळता राहील आणि वाळवीची माती खांबावर चढताना डोळ्यांना दिसेल. जुने लाकडी स्लीपर टेकू किंवा पायऱ्या म्हणून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांतल्या पुष्कळ स्लीपरांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवणारे डांबरी तेल, पाजलेले असते. उन्हात ते पाझरते, कपड्यांना लागते आणि त्याचा वास घरात भरतो. राहत्या जागेजवळ ते नकोच.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती नंतर कळून उपयोग नसतो. या डब्याच्या बाजूच्या भिंती निव्वळ आडोसा नाहीत; तळ, भिंती आणि छत मिळून सगळा डबा एक तुळई म्हणून भार पेलतो. ओसरीकडे मोठे दार हवे म्हणून भिंतीचा तीन-चार मीटर भाग सरळ कापून काढला, तर डबा मध्यावर झुकू शकतो. असे दार हवेच असेल, तर कापण्यापूर्वी त्या जागी खाली जादा खांब द्यावा, भोवती जाड चौकट वेल्ड करावी आणि मगच पत्रा कापावा.

तिसरा टप्पा : गंज काढणे, ठिगळ आणि रंग

आतले सगळे सामान, प्लायवूड, जुन्या वायरी आणि उष्णतारोधक भरण काढून टाकावे. जुन्या डब्यांच्या भरणात अॅस्बेस्टॉस असू शकते. राखट, तंतुमय थर दिसला तर तो कोरडा खरवडू नये. जाणकारांकडून ओला करून, पूर्ण संरक्षण घेऊन काढून घ्यावा. जुन्या रंगाचेही तसेच. रेल्वेत गंजरोधक म्हणून झिंक क्रोमेटचे प्रायमर दीर्घकाळ वापरले गेले आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. घासकाम ओले करावे किंवा किमान एन-९५ मास्क लावावा, आणि त्या काळात मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वेल्ड करणे ही सर्वांत वाईट दुरुस्ती, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकते आणि गंज आतून चालूच राहतो. पत्रा ठणठणीत वाजेल तिथपर्यंत, गंजाच्या कडेपासून आणखी ५० मिलिमीटर पुढे जाऊन कापावा. कोपरे काटकोनी न ठेवता गोल ठेवावेत आणि त्याच जाडीचा पत्रा कडेला कड लावून वेल्ड करावा. लांब वेल्डिंग एका दमात केले तर पातळ पत्रा लहरतो; थोड्या थोड्या अंतराने टाके घेत, गार होऊ देत पुढे जावे. छतावरची जुनी वायुवीजनाची टोपणे काढून ती भोकेही याच पद्धतीने बंद करावीत.

रंगापूर्वीची सफाई ही रंगापेक्षा महत्त्वाची असते. बाहेरून ग्रिट ब्लास्टिंग करून, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून, पत्रा राखाडी-पांढरा दिसेपर्यंत साफ करणे उत्तम. त्यासाठी नदीची वाळू वापरू देऊ नये, कारण तिच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. कॉपर स्लॅग किंवा स्टील ग्रिट मिळते, ते घ्यावे. ब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत, पहिला हात पडला पाहिजे. तेवढी सोय नसेल, तर तारेच्या चक्राने घासून, कमी सफाईतही पकड घेणारे इपॉक्सी मॅस्टिक लावावे. ते आयुष्याने थोडे कमी पडते, पण तेलरंगापेक्षा पुष्कळ सरस असते.

रंगाचे तीन थर असावेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते. पहिला इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर, सुमारे ५० ते ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो पत्र्याला चिकटतो आणि गंज रोखतो. दुसरा इपॉक्सीचा जाड थर, सुमारे १०० ते १२५ मायक्रॉन. तो पाणी आत जाऊ देत नाही. तिसरा पॉलियुरेथेनचा, सुमारे ५० मायक्रॉन. तो ऊन झेलतो. हा तिसरा थर वाचवण्याचा विचार करू नये. इपॉक्सी उन्हात खडूसारखे पांढरे भुकटे सोडू लागते आणि मराठवाड्याचे ऊन त्याला फार दिवस टिकू देत नाही. रंग शक्यतो पांढरा किंवा फिका घ्यावा. जुन्या गाड्यांच्या गडद तांबड्या रंगाची ओढ मला समजते, परंतु तो खिडक्यांखालच्या एका पट्ट्यापुरता ठेवावा. डब्याच्या तळाला बिटुमेनयुक्त गंजरोधक लेप द्यावा. रेल्वेही खालच्या सांगाड्याला तोच देत आली आहे. पावसाळा सोडून, सकाळी दव वाळल्यावर आणि पत्रा हाताला पोळू लागण्याआधी रंगकाम उरकावे.

चौथा टप्पा : वरचे दुसरे छप्पर

मला एकाच गोष्टीवर जादा खर्च करण्याची मुभा असती, तर मी ती इथे वापरली असती. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो, आणि डब्याचे छत दिवसभर उघडे तापत राहिले, तर आत कितीही महागडे भरण घातले तरी संध्याकाळी भट्टीत बसल्यासारखे होते. माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला हा फरक विशेष जाणवतो. तिथे मातीचा जाड थर दुपार अडवून धरतो, इथे १.६ मिलिमीटरचा पत्रा काहीच अडवत नाही. म्हणून ऊन पत्र्यापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही.

डब्याच्या वर ३० ते ४५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडून दुसरे छप्पर उभारावे, आणि त्याचे खांब डब्याला न जोडता जमिनीतून स्वतंत्र घ्यावेत. त्यामुळे डब्याच्या छताला एकही भोक पाडावे लागत नाही आणि डबा लांबला-आखडला तरी छप्पर ताणले जात नाही. दोन्ही बाजूंना तीन फुटांची वळचण सोडली, तर भिंतींवरही दुपारचे ऊन आणि तिरपा पाऊस येत नाही. छपरासाठी साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा गॅल्व्हल्यूमचा पत्रा निवडावा. त्याच्या मुलाम्यात ५५ टक्के अॅल्युमिनियम, सुमारे ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असते आणि तो उन्हापावसात साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो. जाडी ०.५ मिलिमीटर आणि मुलामा १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर, असे बिलावर लिहून घ्यावे.

या पत्र्याला तीन गोष्टी चालत नाहीत. ओले सिमेंट त्याला लागू देऊ नये. त्यावर ग्राइंडर चालवू नये, कारण उडालेल्या ठिणग्यांचे कण पत्र्यात रुततात आणि पहिल्याच पावसानंतर तिथे तांबूस ठिपके उमटतात, कातरीने कापावा. आणि तांब्याच्या नळीतून ठिबकणारे पाणी त्यावर पडू देऊ नये. स्क्रू ईपीडीएम रबराच्या वॉशरसहच घ्यावेत. साध्या रबराचा वॉशर दोन उन्हाळ्यांत तडकतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, ते फायबरच्या पारदर्शक पत्र्याच्या वाटेला जाणार नाहीत. उजेड हवाच असेल, तर एखादा पट्टा पॉलिकार्बोनेटचा ठेवावा. वळवाच्या वावटळीसाठी छपराचे खांब तिरक्या पट्ट्यांनी बांधावेत.

याच छपरातून पाण्याचा प्रश्नही बराच सुटतो. २३ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद छपराचे क्षेत्रफळ ११५ चौरस मीटर होते. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्यावर सुमारे ८०,००० लिटर पाणी पडते आणि वाया जाणारे वजा करूनही ६०,००० लिटर हाती येऊ शकते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात रेल्वेच्याच डब्याने आपले पाणी आपण साठवावे, हे मला फार समाधानाचे वाटते. पन्हळ पीव्हीसीची किंवा त्याच गॅल्व्हल्यूमची घ्यावी, आणि जवळ कडुनिंब असेल तर तिच्या तोंडाशी स्टेनलेसची जाळी बसवावी.

पाचवा टप्पा : उष्णतारोधन आणि आतले अस्तर

दुसरे छप्पर झाल्यावर आतल्या भरणाचे काम हलके होते, पण संपत नाही. पर्याय प्रामुख्याने दोन आहेत : रॉकवूलच्या, म्हणजे दगडी तंतूंच्या, लाद्या किंवा फवारून बसवायचा पॉलियुरेथेनचा (पीयू) फोम. फोमची उष्णतारोधक क्षमता त्याच जाडीत जास्त आहे, आणि तो पत्र्याला चिकटून बसत असल्यामुळे मागे ओलसर हवा जात नाही. तरीही मी रॉकवूल निवडले. फोम पेट घेतो आणि दाट विषारी धूर सोडतो. शिवाय पुढे कधी बाहेरून वेल्डिंग करायची वेळ आली, तर आतला फोम आधी खरवडून काढावा लागतो. रॉकवूल जळत नाही, आणि एक फळी उघडून लादी बाजूला ठेवता येते. छताला १०० मिलिमीटर आणि भिंतींना ५० मिलिमीटर जाडी मला पुरेशी वाटली. भिंतींची जाडी दोन्हीकडून धरता आतली रुंदी सुमारे २.९ मीटर उरते, म्हणून याहून जास्त जाडीचा मोह भिंतीत आवरावा.

पहिल्या हिवाळ्यात आमची एक चूक उघडी पडली. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान एक आकडी होते, पत्रा त्याहून गार पडतो आणि स्वयंपाकाची, श्वासाची वाफ त्यावर जाऊन पाणी होते. आम्ही लाद्या पत्र्याला घट्ट भिडवून बसवल्या होत्या. एका सकाळी ओट्याजवळच्या फळीच्या खालच्या कडेला पाण्याचा बारीक ओघळ दिसला; फळी काढली तर लादीचा खालचा हातभर भाग पिळता येईल इतका ओला होता आणि नव्या प्रायमरवर, स्क्रूच्या टोकाभोवती, तांबडी कडी उमटली होती. त्यानंतर सगळ्या भिंतींत पत्रा आणि लादी यांमध्ये २० मिलिमीटर मोकळी जागा ठेवली, आतल्या बाजूने जाड प्लास्टिकचा अखंड पडदा लावून त्याचे सांधे पट्टीने चिकटवले, आणि भिंतीच्या तळाशी पाणी निथळायला ठरावीक अंतरावर भोके ठेवून त्यांना स्टेनलेसची बारीक जाळी लावली. जाळी आवश्यक आहे; नाहीतर त्याच भोकांतून विंचू आणि उंदीर घर करतात.

अस्तराचा सांगाडा जस्ताच्या चॅनेलचा करावा, पण चॅनेल आणि डब्याची फासळी यांच्यामध्ये रबराची पट्टी घालावी. ती पट्टी बाहेरची उष्णता आत येण्याची वाट तोडते. अस्तरासाठी ८ मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड हा माझा पहिला पर्याय आहे : वाळवी लागत नाही, आग लागत नाही, ओल आली तरी फुगत नाही. तो स्क्रूने बसवावा, खिळे किंवा गोंद वापरू नये, म्हणजे केव्हाही उघडता येतो. बोर्डांच्या सांध्यांत भरण्यासाठी व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन घेऊ नये. ते सुकताना आम्ल सोडते आणि जवळचा पत्रा खाते. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे. दोन वेगळे धातू एकमेकांना भिडतात तिथेही हीच काळजी घ्यावी : अॅल्युमिनियमची चौकट किंवा स्टेनलेसची पट्टी सरळ डब्याच्या पत्र्यावर बसवली, तर ओल मिळताच दोहोंपैकी एक धातू झिजू लागतो. मध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर पुरतो.

सहावा टप्पा : तळ आणि फरशी

पन्हळी तळपत्रा साफ करून रंगवल्यावर त्यातली पाणी जाण्याची मूळ भोके उघडी आहेत, याची खात्री करावी. त्यावर १८ मिलिमीटरचा सिमेंट-लाकूड बोर्ड, ज्याला दुकानात बायसन बोर्ड म्हणतात, तो टाकावा. प्लायवूडच हवे असेल तर आयएस ७१० या मानांकनाचे मरीन प्लायवूड घ्यावे. कडांना रंग पाजल्याशिवाय तेही बसवू नये.

फरशीबद्दल मतभेद होतात. आपल्याकडे शहाबादी फरशीची सवय आहे, ती पायाला गार लागते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु इंचभर जाडीच्या शहाबादीचे वजन चौरस मीटरला ६५ किलोच्या घरात जाते आणि सगळ्या डब्यात ती घातली, तर केवळ फरशीचेच सुमारे चार टन होतात. शयनयान डब्यात ७२ प्रवासी सामानासह बसत असत, तेव्हा हा भार डब्याला अवघड नाही. अडचण वेगळी आहे. पोलाद लांबते-आखडते आणि दगडाचे सांधे उलतात. म्हणून शहाबादी बाहेरच्या ओसरीला वापरावी, आणि डब्याच्या आत २ मिलिमीटरचे व्हिनाइल, कडा वर वळवून, सांधे वितळवून जोडलेले असे घालावे. रेल्वेने स्वतः हेच वापरले आणि हजारो पायांखाली ते टिकले. ओट्यासाठी कडप्पा किंवा ग्रॅनाइट चालेल, पण त्याच्याखालचा सांगाडा स्वतंत्र असावा.

ओसरीचे छप्पर डब्याला वेल्ड करू नये. ओसरी आपल्या खांबांवर उभी राहावी आणि मधली फट लवचीक ईपीडीएम पट्टीने झाकावी.

सातवा टप्पा : खिडक्या, न्हाणीघर, वीज

डब्याची मूळ सरकती झडपे चांगली असतील तर ठेवावीत. उन्हाळ्याच्या दुपारी उजेड अडवून वारा घेणारी तशी दुसरी वस्तू नाही. आतून काच आणि मच्छरजाळी असलेली यूपीव्हीसीची चौकट बसवावी. खिडकीखालच्या कप्प्यात पाणी साचते, तिथे बाहेरच्या बाजूला उतार असलेली पट्टी आणि निचऱ्याचे भोक देणे विसरू नये. दोन्ही टोकांची दारे कायम उघडता येतील अशी ठेवावीत. आग लागली तर एकच दार पुरत नाही.

न्हाणीघर पुन्हा जुन्या शौचालयाच्याच जागी करायचे असेल, तर तिथला तळ पूर्ण कापून स्टेनलेसचा किंवा फायबरग्लासचा अखंड ट्रे बसवावा, ज्याच्या कडा भिंतीवर किमान १५ सेंटिमीटर चढलेल्या असतील. टाइल आणि सिमेंटचा गिलावा पोलादाच्या भिंतीवर करू नये; तो तडकतो आणि त्याच्या मागे काय चालले आहे, ते दिसत नाही. बोअरचे पाणी खारे असेल तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस घ्यावे. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचे पाइप घ्यावेत, ते डब्याखालून, सावलीतून, हाताला लागतील असे न्यावेत. भिंतीत पुरू नयेत. गिझरला शक्य तिथे छपरावरून साठवलेले पाणी द्यावे, म्हणजे बोअरच्या पाण्याने जमणारा क्षारांचा थर टळतो. शोषखड्ड्यातले पाणी काळ्या मातीत मुरत नाही, म्हणून तोही मुरमापर्यंतच खणावा आणि खांबांपासून दूर ठेवावा.

डबा धातूचा असल्यामुळे विजेत हयगय अजिबात नको. धडाला किमान दोन स्वतंत्र अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे बटण), तांब्याची एफआरएलएस (सहज पेट न घेणारी, कमी धूर सोडणारी) वायर आणि प्रत्येक वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, या गोष्टी पहिल्या दिवसापासून असल्या पाहिजेत. चांगले अर्थिंग वळवाच्या विजांच्या वेळीही कामाला येते. गॅसची टाकी डब्याच्या बाहेर, हवेशीर जाळीच्या कपाटात ठेवावी.

वर्षातून दोनदा करायचे काम

एवढे केल्यावर देखभाल दोन दिवसांची उरते. पहिला दिवस रोहिणी नक्षत्राच्या सुमारास : पन्हळ साफ करणे, छपराचे स्क्रू आणि वॉशर तपासणे, भिंतीच्या तळाची आणि तळपत्र्याची सगळी भोके तारेने मोकळी करणे, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून जोड घट्ट करणे. दुसरा दिवस दिवाळीनंतर : हातोडी घेऊन डब्याखाली शिरणे आणि ठरलेल्या जागा ठोकून ऐकणे, सरकत्या टोकाचा बोल्ट मोकळा आहे का ते पाहणे, खांबांवर वाळवीची माती दिसली तर काढणे. रंगाला जिथे ओरखडा पडला असेल तिथे त्याच दिवशी घासून प्रायमर आणि वरचा हात द्यावा. त्यासाठी रंगाचा एक लहान डबा, ज्यावर लावल्याची तारीख आणि रंगाचा क्रमांक लिहिला आहे, दाराजवळच्या कपाटात ठेवलेला असावा. इपॉक्सीचे दोन्ही भाग वेगवेगळे आणि घट्ट बंद ठेवावेत, आणि त्यांची मुदत संपली की नवे आणावेत.